डिंगो आणि त्याचें कुंपण

ऑस्ट्रेलिया खंडाचा मोठा नकाशा नीट पाहिला, तर त्याच्या आग्नेय भागास वेढणारी एक लांबलचक वांकडीतिकडी रेघ आढळते. क्वीन्सलंडमधील जिंबूर गांवाजवळून ती निघते आणि ओसाड माळरानें व वाळवंटें ओलांडीत दक्षिण समुद्राच्या उंच कड्यांपाशीं संपते. ती नदी नव्हे, आगगाडीचा रस्ता नव्हे, कीं दोन राष्ट्रांमधील सरहद्दहि नव्हे. तें तारेच्या जाळीचें एक कुंपण आहे. त्याची लांबी ५,६१४ किलोमीटर, म्हणजे सुमारें साडेतीन हजार मैल. मुंबईहून कलकत्त्यास आगगाडीनें जाऊन परत येण्याच्या अंतराहूनहि ती पुष्कळ अधिक आहे. एवढा खटाटोप ज्याला अडविण्यासाठीं केला, तो प्राणी म्हणजे डिंगो; त्याचें वजन सामान्यतः १३ ते १८ किलो असतें.

डिंगो हा ऑस्ट्रेलियाचा रानकुत्रा. रानकुत्रा म्हटलें कीं मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें सह्याद्रींतील किंवा मेळघाटांतील कोळसुंदा उभा राहतो. परंतु कोळसुंद्याचें कूळ निराळें. डिंगो हा लांडगा आणि पाळीव कुत्रा यांच्या अगदीं जवळचा आप्त असून, रूपानें तर तो इकडच्या तांबूस गांवठी कुत्र्याचा भाऊ शोभेल. ताठ कान, निमुळतें तोंड, सडपातळ अंग आणि झुपकेदार शेपूट ही त्याची ठेवण. रंग बहुधा तांबूस पिवळा. पण काळे आणि पांढुरके डिंगोहि असतात.

हा प्राणी त्या खंडांत आला केव्हां आणि कसा? मनुष्य तेथें निदान पन्नास हजार वर्षांपासून राहत आहे. त्या मानानें डिंगो हा कालचा पाहुणा. नलारबॉर या वृक्षहीन पठारावरील मदुरा गुहेंत डिंगोचीं हाडें सांपडलीं. त्यांचें वय २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत सुमारें ३,२०० वर्षें ठरलें. आनुवंशिक घटकांवरून केलेले कांहीं अंदाज त्याला याहून बरेच मागें नेतात. मात्र टास्मानिया बेटाची साक्ष येथें महत्त्वाची आहे. समुद्राची पातळी चढून हें बेट सुमारें १२,००० वर्षांपूर्वीं मुख्य भूमीपासून तुटलें, आणि तेथें डिंगो कधींच पोंचला नाहीं. म्हणजे तो आला तो त्यानंतर. आशिया व ऑस्ट्रेलिया यांमधील विस्तीर्ण समुद्र पोहून जाणें कुत्र्यास शक्य नव्हे. तेव्हां तो माणसाच्या नावेंत बसूनच आला, याविषयीं शास्त्रज्ञांत फारसा मतभेद नाहीं.

त्या नावा कोणाच्या होत्या, हा प्रश्न भारतीयांस विशेष कुतूहलाचा आहे. सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं भारतांतून कांहीं लोक ऑस्ट्रेलियास गेले असावेत व डिंगोहि त्याच सुमारास आला असावा, असा तर्क २०१३ सालीं आनुवंशिक पुराव्यावरून मांडण्यांत आला होता. परंतु २०१६ सालीं तेथील मूळ रहिवाशांच्या वाय गुणसूत्रांची तपासणी झाली, तींत या संबंधाची खूण मिळाली नाहीं. डिंगोचा सर्वांत जवळचा आप्त आढळतो तो न्यू गिनींतील डोंगरांत. त्याच्या सुरेल ओरडण्यावरून त्यास 'गाणारा कुत्रा' असें नांव पडलें आहे.

सिडनीच्या परिसरांतील धारुग लोक माणसाजवळ राहणाऱ्या कुत्र्यास 'डिंगो' व रानांत हिंडणाऱ्यास 'वारिगल' म्हणत. १७८८ सालीं तेथें उतरलेल्या इंग्रजांनीं पहिला शब्द उचलला आणि तो दोघांसहि लावला. एकाच प्राण्यास दोन नांवें द्यावीं लागलीं, यांतच त्याचा खरा स्वभाव सांगितला गेला आहे. मूळ रहिवासी बिळांतून लहान पिलें आणून वाढवीत. थंडीच्या रात्रीं तीं माणसाच्या अंगाशीं निजत. वयांत आलीं म्हणजे पुष्कळशीं पुन्हां रानांत निघून जात, आणि त्यांना कोणी अडवीत नसे. सिडनीच्या दक्षिणेस करॅकरँग येथील खडकाच्या आडोशाखालीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचे डिंगो माणसांनीं पुरलेले आढळले आहेत. ज्याला मूठमाती दिली जाते, तो निव्वळ परका नव्हे.

डिंगोच्या संवयींतहि हें दुहेरीपण दिसतें. तो क्वचितच भुंकतो. एकमेकांस हांक देण्यासाठीं लांडग्याप्रमाणें लांब हेल काढून ओरडतो. पाळीव कुत्री वर्षांतून दोनदां वितें, डिंगोची मादी एकदांच. सुमारें नऊ आठवड्यांनीं तिला बहुधा पांचएक पिलें होतात. टोळींत मुख्य जोडप्यासच सामान्यतः संतति होते व इतर डिंगो पिलें वाढविण्यास हातभार लावतात. सरडा, उंदीर किंवा ससा यांच्या शिकारीस एकटा डिंगो पुरतो. मोठा कांगारू धरावयाचा तर टोळी लागते. तप्त वाळवंट, उत्तरेकडील दमट अरण्यें, आग्नेयेकडील बर्फाळ डोंगर, समुद्रकिनारा अशा सर्व ठिकाणीं त्यानें आपलें बस्तान बसविलें आहे.

त्याचें आणि माणसाचें वैर जडलें तें मेंढीपायीं. गोऱ्या वसाहतवाल्यांची संपत्ति लोकरीवर उभी होती, आणि डिंगो एकदां कळपांत शिरला कीं भुकेपुरत्या मेंढ्या मारून थांबत नाहीं. सकाळीं कुरणांत पडलेलीं मढीं मोजणाऱ्या मेंढपाळाचा संताप समजण्याजोगा आहे. मग बंदुका, सांपळे, विष आणि मारलेल्या डिंगोमागें बक्षिसें हें सत्र सुरू झालें. १८८० नंतर सशांना रोखण्यासाठीं ठिकठिकाणीं कुंपणें घातलीं होतीं. ससे कांहीं थांबले नाहींत. पण तीं कुंपणें उंच करून पुढें डिंगोविरुद्ध वापरण्यांत आलीं. साउथ ऑस्ट्रेलियानें १९४६ सालीं यासाठीं स्वतंत्र कायदाच केला. आंत मेंढ्या आणि बाहेर डिंगो, अशी वांटणी ठरली.

परंतु निसर्ग अशी वांटणी निमूटपणें मान्य करीत नाहीं. कुंपणाच्या आंत डिंगो विरळ झाला, तेथें कांगारूंची संख्या भरमसाट वाढली व गवतावर ताण पडला. उपग्रहांनीं अनेक वर्षें घेतलेल्या छायाचित्रांच्या २०२१ सालच्या अभ्यासांत आढळलें कीं, पाऊस पडल्यावर डिंगो असलेल्या बाजूस हिरवळ अधिक जोमानें येते. याहून आश्चर्याची गोष्ट वाळूच्या टेकड्यांची. जेथें डिंगो नाहीं तेथें परदेशांतून आणलेले कोल्हे व मांजरें माजतात. तीं उड्या मारणाऱ्या लहान उंदरांना खातात. उंदीर घटले कीं झुडपांचें बीं खाणारें कोणी उरत नाहीं. झुडपें दाट होतात, वाऱ्यानें उडणारी वाळू अडवितात आणि टेकड्या उंच होतात. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेलें हें निरीक्षण विचार करावयास लावणारें आहे. एक शिकारी हालविला, तर जमिनीचा आकारहि बदलतो.

तरीहि डिंगो अगदींच निरुपद्रवी आहे, असें मानणें भ्रमाचें ठरेल. १९८० सालीं उलुरू या प्रचंड खडकाजवळच्या तळावरून नऊ आठवड्यांची एक मुलगी नाहींशी झाली. तिला डिंगोनें नेलें, असें आई परोपरीनें सांगत होती. पण पुष्कळांचा त्यावर विश्वास बसला नाहीं, आणि १९८२ सालीं तिलाच खुनाबद्दल दोषी ठरविण्यांत आलें. तो निकाल १९८८ सालीं रद्द झाला. मृत्यु डिंगोमुळेंच झाला, हा अधिकृत निर्णय मात्र २०१२ सालीं लागला. फ्रेझर नांवाच्या वाळूच्या बेटावर, ज्यास २०२३ सालीं 'गरी' हें मूळ नांव अधिकृतपणें परत मिळालें, डिंगोस खाऊं घालणें हा गुन्हा आहे. हातांतून घांस मिळूं लागला कीं माणसाचें भय त्यास उरत नाहीं, आणि मग लहान मुलांस धोका पोंचतो.

असा हा प्राणी कायद्याच्या पुस्तकांतहि दोन ठिकाणीं नोंदलेला आहे. व्हिक्टोरिया राज्यानें २००८ सालीं त्यास धोक्यांत आलेली जाति ठरविलें. तरी खासगी जमिनींलगतच्या पट्ट्यांत त्यास मारण्याची मुभा पुढेंहि ठेवण्यांत आली. पाळीव कुत्र्यांशीं संकर होऊन खरा डिंगो संपत आला, आतां उरले ते निव्वळ मोकाट कुत्रे, असें बरींच वर्षें सांगितलें जाई, आणि 'मोकाट कुत्रा' म्हटलें कीं त्यास मारतांना कोणाचें मन कचरत नसे. परंतु २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अधिक बारीक आनुवंशिक तपासणीनें दाखविलें कीं हा संकर समजला जात होता त्यापेक्षां पुष्कळ कमी आहे. ज्यांना मोकाट म्हणून विष घातलें, त्यांतले कितीतरी अस्सल डिंगो होते.

मेंढपाळाचें नुकसान खोटें नाहीं, आणि वाळवंटाची हानीहि खोटी नाहीं. दोन्हींस न्याय देणारा मार्ग काढण्याचा प्रयत्न कांहीं ठिकाणीं होत आहे. मॅरेम्मा जातीचे राखणदार कुत्रे लहानपणापासून मेंढ्यांच्या कळपांत वाढवितात. ते कळपासच आपलें कुटुंब समजतात व डिंगोस जवळ फिरकूं देत नाहींत. डिंगोस न मारतां मेंढ्या वांचविण्याची ही युक्ति आहे, आणि तींत माणसाच्या बाजूनें उभा राहतो तोहि कुत्राच. हजारों वर्षांपूर्वीं एकाच नावेंत बसलेल्या या दोन प्राण्यांपैकीं एक अर्ध्या वाटेवर रानांत उतरला. त्याला पुन्हां घरांत आणतां येणार नाहीं, आणि रानांतून हांकलून दिल्यास रान पूर्वींसारखें राहणार नाहीं. धारुग लोकांनीं त्याला दोन नांवें देऊन दोन्हीं ठिकाणीं जागा ठेवली होती. साडेतीन हजार मैलांच्या जाळीस तेवढें अजून साधलेलें नाहीं.