तमिळ पंचांगातील सणवार आणि आपले कुलाचार

(किन्हीराजा येथे भरलेल्या वार्षिक ज्ञातिसंमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस सणवार व उपवास या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. विषय आपल्या घरचाच आहे, आणि आमच्यापेक्षा येथे बसलेल्या आजीबाई त्यावर अधिक अधिकाराने बोलू शकतील. तरीपण आम्ही तो थोड्या निराळ्या वाटेने मांडणार आहोत. आपल्यापैकी काही घरांतील मुलेमुली नोकरीनिमित्त चेन्नई, कोइमतूर अशा गावी संसार थाटून आहेत. तेथे शेजारणी सांगतात की सावित्रीचे व्रत मार्चमध्येच होऊन गेले; इकडे सासूबाई कळवितात की वटपौर्णिमा अजून यावयाची आहे. सून गोंधळते, सासूबाईंस वाटते की परमुलखात जाऊन मुलीने रीत सोडली, आणि जे व्रत घर जोडण्यासाठी आहे त्यावरूनच मने दुरावतात. हा गोंधळ कशामुळे होतो हे समजले तर पुष्कळ मनस्ताप टळेल, म्हणून तमिळ पंचांगाचा थोडा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

आपले पंचांग चांद्र आहे. अमावास्येला महिना संपतो व प्रतिपदेला नवा सुरू होतो. बारा चांद्र महिन्यांचे दिवस सुमारे ३५४ भरतात, तर सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांहून किंचित मोठे असते. दरवर्षी पडणारी ही सुमारे ११ दिवसांची तूट भरून काढण्यासाठी साधारणतः साडेबत्तीस महिन्यांनी आपण अधिक मास धरतो. २०२३ साली श्रावण अधिक आला, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले, हे आपणांस स्मरत असेलच.

तमिळ पंचांगाचे महिने सौर आहेत. सूर्य मेष राशीत शिरला म्हणजे त्यांचा चित्तिरै महिना आणि नवे वर्ष सुरू होते. हा दिवस १४ एप्रिलच्या आसपास येतो. सूर्य एका राशीत जितके दिवस राहील तितक्या दिवसांचा महिना, म्हणून तो कधी २९ तर कधी ३२ दिवसांचाही असतो. अधिक मासाची त्यांस गरजच पडत नाही. महिन्यांची नावे मात्र ओळखीची वाटतात: चित्तिरै म्हणजे चैत्र, वैकासी म्हणजे वैशाख, आडी म्हणजे आषाढ, कार्तिगै म्हणजे कार्तिक. येथेच फसगत होते. आडी मास जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतो, आणि त्या काळात आपल्याकडे बहुधा श्रावण उजाडलेला असतो. संवत्सरांची प्रभव, विभव इत्यादी साठ नावे मात्र त्यांची व आपली एकच, आणि त्यांचा क्रमही एकच.

परंतु तमिळ लोक चंद्रास विसरले आहेत असे कोणी समजू नये. महिना सूर्याचा धरून त्याच्या आत तिथी व नक्षत्र ते चंद्रावरूनच पाहतात. तै मासातील पुष्य नक्षत्रावर तैपूसम, पंगुनी मासातील उत्तरा नक्षत्रावर पंगुनी उत्तिरम, कार्तिगै मासातील कृत्तिका नक्षत्रावर दीपोत्सव. हा दीपोत्सव पौर्णिमेच्या सुमारास येतो, आणि आपल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या दिव्यांचे स्मरण करून देतो. ऐप्पसी मासातील अमावास्येनंतर षष्ठीपर्यंत सहा दिवस ते स्कंदाचा उपवास करतात. मार्गशीर्षात चंपाषष्ठीपर्यंत खंडोबाचे सहा दिवसांचे नवरात्र पाळणाऱ्या घरांस यात काही परके वाटणार नाही. पुरट्टासी मासातील शनिवार विष्णूचे, आडी मासातील शुक्रवार देवीचे. आपल्या श्रावणी सोमवारांचीच ही भावंडे होत. दीपावलीला तर त्यांचा मुख्य दिवस म्हणजे नरक चतुर्दशीची पहाट आणि तेलाचे अभ्यंगस्नान. त्या दिवशी चेन्नईचे घर आणि किन्हीराजाचे घर एकाच वेळी जागे होते.

आता सावित्रीचे पाहू. तमिळ स्त्रिया मासी मास सरून पंगुनी लागतो त्या संधिकाळी, म्हणजे मार्चच्या मध्यास, कारडैयान नोन्बु नावाचे व्रत करतात. तांदळाचे पीठ व चवळी यांचे वाफवलेले पदार्थ लोण्यासह देवीस अर्पण करतात आणि गळ्यात पिवळा दोरा बांधतात. कथा सावित्री-सत्यवानाचीच. उत्तरेकडे हेच व्रत ज्येष्ठाच्या अमावास्येस होते, आणि आपण ते ज्येष्ठ पौर्णिमेस वडाखाली करतो. तीन प्रांतांत तीन दिवस आहेत, पण सावित्री एकच आहे. यांपैकी कोणताही एक दिवस खरा व इतर दोन खोटे असे म्हणता येईल काय?

सणांचे दिवस निराळे असण्यास दुसरेही कारण आहे, आणि ते शेतकऱ्यास चटकन पटेल. आपल्या वऱ्हाडात पाऊस मृगापासून येतो. श्रावण सरता सरता डवरणी-निंदणीचा जोर ओसरतो आणि बैलास उसंत मिळते. म्हणून श्रावण अमावास्येस पोळा: आदल्या दिवशी खांदेमळणी, दुसऱ्या दिवशी तोरणाखाली सजवलेले बैल आणि पुरणपोळीचा घास. तमिळ देशात मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत ईशान्येकडून येतो आणि भाताचे पीक जानेवारीत घरी येते. म्हणून त्यांचा पोंगल मकरसंक्रांतीस, आणि गाईबैलांच्या पूजेचा माट्टु पोंगल त्याच्या दुसऱ्या दिवशी. कावेरीला नवे पाणी येते तेव्हा आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीची पूजा होते. पाऊस जसा, तसा सण. बैलाविषयीची कृतज्ञता मात्र दोहोंकडे सारखीच आहे.

एकाच प्रांतात, एकाच पंचांगपद्धतीतही मतभेद होतात, हेही ध्यानात असू द्यावे. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे जाण्याचा काळ. तो सुमारे २० तासांपासून जवळजवळ २७ तासांपर्यंत कमीजास्त होतो. सामान्यतः सूर्योदयाची तिथी त्या दिवसाची मानतात. चेन्नई वाशीमच्या पूर्वेस सुमारे ३ अंशांवर आहे, आणि एका अंशास ४ मिनिटे याप्रमाणे तेवढ्यानेच सूर्योदयात सुमारे १२ मिनिटांचा फरक पडतो. अक्षांशामुळे तो ऋतुमानाप्रमाणे घटतो किंवा वाढतो. तिथी नेमकी त्या वेळेत पालटली तर दोन गावांचे उपवास दोन दिवशी येऊ शकतात. त्यात स्मार्त व भागवत एकादशीचा भेद आहेच. आपल्याकडे टिळक पंचांग निराळे अयनांश धरते, त्यामुळे कधी कधी अधिक मासच बदलतो. तमिळ देशातही जुन्या सूत्रांवर चालणारे वाक्य पंचांग आणि प्रत्यक्ष गणिताचे तिरुकणित पंचांग असे दोन पक्ष आहेत. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे देशातील सुमारे ३० पंचांगे होती. त्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका सुरू झाली, पण घरोघरचे सण जुन्याच पंचांगांवर चालू राहिले.

आपल्या वाशीमकरांस तर या गणिताचे परकेपण वाटू नये. वत्सगुल्म हे वाशीमचे प्राचीन नाव. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराचार्यांच्या 'महाभास्करीय' ग्रंथात लंकेपासून उज्जयिनीकडे जाणाऱ्या मध्यरेषेवरील स्थळांत हे नाव येते. ज्या भूमीवरून देशाचे काळगणित मोजले गेले, तेथील माणसांनी पंचांग स्वतः वाचावयास शिकू नये हे शोभत नाही.

आता उपवासाविषयी. आपल्या एकादशीचा साबूदाणा पुष्कळसा तमिळनाडूतील सेलमकडून येतो. तो ज्या कंदापासून होतो तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तमिळ घरांत मात्र उपवासाच्या दिवशी मुख्य कटाक्ष शिजवलेल्या भातावर असतो. यावरून एवढेच घ्यावे की काय खावे याचे नियम देशकालाप्रमाणे घडत गेले आहेत. धर्मग्रंथांतील प्रसिद्ध वचनानुसार पाणी, कंदमुळे, फळे, दूध आणि औषध यांनी व्रतभंग होत नाही. असे असता गर्भिणीने, मधुमेही आजोबांनी किंवा दिवसभर उन्हात निंदण करणाऱ्या बाईने केवळ लोक काय म्हणतील म्हणून निरंकार राहावे, हा आग्रह कोणत्या शास्त्राचा? औषधाची गोळी चुकवून केलेला उपवास देवास पोहोचतो असे आम्हांस वाटत नाही. घरातील वडीलधाऱ्यांनीच हे स्पष्ट सांगावे; सुनेने विचारण्याची वाट पाहू नये.

शेवटी ज्ञातिबांधवांस आमची विनंती अशी. व्यंकोजीराजांच्या मागोमाग मराठी कुटुंबे तंजावरास गेली. भोसल्यांचे राज्य १८५५ साली संपले, तरी त्यांच्यापैकी कित्येक घरांत मराठी बोली अद्याप जिवंत आहे. चहूंकडे तमिळ असताना ती टिकली, कारण घराने ती धरून ठेवली. तद्वत् आपल्या प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. तीत आपले कुलदैवत, घराण्यात चालत आलेले सण व व्रते, त्यांचा महिना, पक्ष आणि तिथी, नैवेद्य, आणि कोणते पंचांग घरात मानतात ते लिहून ठेवावे. इंग्रजी तारीख लिहू नये, ती दरवर्षी सरकते. मुलगा किंवा मुलगी दूरदेशी निघाली म्हणजे तिची एक प्रत बरोबर द्यावी. मग ज्येष्ठ पौर्णिमा चेन्नईतही सापडेल. मार्चमध्ये शेजारणीने बोलाविले तर आपल्या सुनेने तिच्या सावित्रीलाही आनंदाने हळदकुंकू वाहावे. त्याने आपली वटपौर्णिमा उणी होत नाही.

ही वही पुढील संमेलनास प्रत्येक घराने आणावी आणि संस्थेने त्यांतील कुलाचारांचे संकलन स्मरणिकेत छापावे, अशी सूचना आम्ही अध्यक्षमहाराजांपुढे ठेवतो.