बटनाचा फोन आणि आपल्या पोरांचे गणित

(विहाराच्या वर्धापनदिनी नालवाडी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'शिक्षण' या विषयावर बोलायला सांगितले. शिक्षणावर बोलणारे मोठमोठे वक्ते आपल्याकडे पुष्कळ आहेत. आम्ही पडलो गिरणी कामगार, आठवी नापास. तेव्हा आम्ही फक्त गणितावर बोलू, आणि त्यातही बटनाच्या फोनवर. कोणाला हसू आले तर येऊ द्या.

आठवीत आम्ही नापास झालो ते गणितातच. पुढे गिरणीत रिंग खात्यात लागलो. तिथे सुताचे माप हँकमध्ये. एक हँक म्हणजे ८४० वार. एका पौंडात जितके हँक बसतील तितक्या नंबरचे सूत. वीस नंबरचे सूत एक पौंड घेतले तर ते १६,८०० वार भरते. मशीनला हँक मीटर असे, त्याचा आकडा कारकून वहीत उतरवी आणि त्यावर मजुरी निघे. आम्ही सही करायचो आणि कागद फेकून द्यायचो. अशी दोन वर्षे गेली. एक दिवस जोडीदाराने गुणाकार करून दाखविला तेव्हा समजले, की मजुरी कमी लागत आली आहे. कोणी मुद्दाम केले की चुकून झाले, ते आजही सांगता येत नाही, कारण मागचा एकही कागद आमच्याजवळ नव्हता. त्या रात्रीपासून आम्ही पाढे घेऊन बसलो, वयाच्या चोविसाव्या वर्षी. घरची मंडळी हसत होती.

बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आकड्यांची कोष्टकेच कोष्टके आहेत. ज्यांच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे, त्यांच्या सहावीतल्या पोराला साधा भागाकार येऊ नये, याची आम्हाला लाज वाटते. भाषणात 'शिका' म्हणतो, पण गणिताचा तास आला की आपणच म्हणतो, "आमच्या घरात कोणालेच गणित जमत नाई." पोरगं ते ऐकत असते.

आपली नालवाडी शिक्षणाच्या बाबतीत कोरी नाही. विनोबा भावे १९३२ साली इथे राहायला आले आणि १९३८ साली पवनारला गेले. याच काळात, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि पुढे झाकीर हुसेन यांच्या समितीने नई तालीमची योजना तयार केली. पोराने टकळीवर सूत कातायचे आणि तेच मोजत गणित शिकायचे. चार फुटांचा एक तार, १६० तारांची लटी, चार लटींची गुंडी. या योजनेबद्दल आमचे मतभेद आहेत. ज्यांच्या बापजाद्यांच्या हातचे काम पिढ्यान् पिढ्या सुटलेच नाही, त्यांच्या पोरांच्या हातात शाळेतही कामच का द्यावे? असो. पण हातात जी वस्तू आहे तिच्यातूनच मोजणी शिकवावी, हे त्यातले आम्हाला पटते. त्या वेळी टकळी होती. आज घरोघरी फोन आहे.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि शाळा बंद झाल्या. सरकारने 'शाळा बंद पण शिक्षण आहे' अशी अभ्यासमाला काढली. व्हॉट्सॲपवर लिंक यायची. पण आमच्या गल्लीत मोठा फोन असला तर तो बापाच्या खिशात, आणि टाळेबंदी सैल झाल्यावर बाप कामावर. घरी राहायचा तो आजीचा बटनाचा फोन. पोट्टे त्याच्यावर सापाचा गेम खेळत बसायचे. आम्ही एकावर ओरडलो, "काय करून राहिला बे दिवसभर?" तर तो म्हणतो, "काकाजी, सातव्या लेव्हलवर आहो. एका घासाले सात भेटते."

आम्ही सहज विचारले, "तीन घास खाल्ले तं?"

"एकवीस."

"अन् नऊ?"

बोटे मोडली, ओठ हलवले, म्हणाला, "त्रेसष्ट." या पोराला सातचा पाढा येत नाही म्हणून शाळेत रोज उभे ठेवत होते!

दुसऱ्या दिवशी वही घेऊन विहाराच्या ओट्यावर बसलो. ११२ गुण झाले, तर सापाने किती घास खाल्ले? मधात एखादा किडा येतो, त्याचे गुण वेगळे मिळतात आणि पाढ्याचा हिशेब बिघडतो. मग किड्याचे किती ते वजा करून काढायचे. पोरांना भागाकार आणि वजाबाकी एकाच सापाच्या पोटात सापडली.

पुढे आम्ही घरोघरचे पडके फोन मागून आणले, सिम काढून ठेवले आणि दर रविवारी वंदनेनंतर वर्ग सुरू केला. इथे आमची मोठी चूक झाली. फोन वाटून दिले आणि आम्ही लागलो सतरंज्या झटकायला. महिनाभराने पाहिले तर सापाचे गुण वाढले होते, पोरांचे गणित जिथल्या तिथे. कोणीतरी शेजारी बसून "किती? कसे काय?" असे विचारावे लागते. नुसता फोन देऊन भागत नाही. आफ्रिकेत बोत्स्वाना देशात २०२० सालीच हा अनुभव आला. तिथेही शाळा बंद होत्या. काही घरांना फोनवर गणिताचे नुसते संदेश पाठविले, काहींना संदेशासोबत आठवड्यातून एकदा शिक्षकाचा वीस-एक मिनिटांचा फोन. २०२२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की फोनवर माणूस बोलला तिथे पोरांची प्रगती झाली, नुसत्या संदेशाने विशेष फरक पडला नाही. त्यांचेही फोन साधेच होते.

आता कॅल्क्युलेटरचे सांगतो. तो प्रत्येक बटनाच्या फोनमध्ये असतो आणि आपण फक्त किराण्याचे बिल पाहायला वापरतो. आमचा आवडता खेळ म्हणजे शंभराची शर्यत. दोन पोरे, एक फोन. शून्यापासून सुरू. आळीपाळीने १ ते ९ पैकी कोणताही आकडा मिळवायचा. ज्याने शंभर गाठले तो जिंकला. आठ दिवस पोरे नुसती बटने दाबत होती. मग पाचवीतली एक पोरगी प्रत्येक वेळी जिंकू लागली. समोरच्याला गोड बोलून म्हणायची, "तू पह्यले खेळ." समोरच्याने ३ मिळवले की ही ७, त्याने ४ मिळवले की ही ६. दर फेरीला दहा पुरे करायची. ९० वर जाऊन बसली की समोरच्याने काहीही मिळवले तरी शंभर हिचेच. हे तिला कोणी शिकविले नव्हते. आम्हालाही माहीत नव्हते, खोटे कशाला बोला.

एका फोनचे सातचे बटन मेलेले होते. तो आम्ही बाजूला टाकत होतो, पोरांनी टाकू दिला नाही. सात न दाबता ४७ आणून दाखव! कोणी ४६ मध्ये १ मिळवला, कोणी ५० मधून ३ काढले, एकाने ९४ ला २ ने भागले. आता त्या फोनसाठी भांडणे होतात. आणखी एक खेळ आहे. ५३८४ लिहायचे आणि एकाच वजाबाकीत ३ च्या जागी शून्य आणायचे. पोरे पहिल्यांदा ३ वजा करतात, मग ३०, आणि शेवटी ३०० वर येतात. शाळेत 'स्थानिक किंमत' म्हणतात ती हीच, पण त्या नावाला पोरे भितात.

आता आपल्या भाषेची एक अडचण. आजी नातवाला फोन नंबर सांगते, "तेवीस, सत्तेचाळीस..." पोरगा तोंडातून आधी 'ते' ऐकतो, म्हणून ३ दाबतो, मग २. फोन लागतो भलतीकडेच! मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक नंतर, बटन मात्र दशकाचे आधी. एकोणतीस तर आणखीच उलटे, नऊचे नावच नाही, तिसाला एक कमी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' अशी सोपी पद्धत जोडरूपांसोबत दिली, तेव्हा केवढी टिंगल झाली. त्या गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या, २०२३ साली त्या गेल्या. आम्ही त्या वेळी टिंगल करणाऱ्यांतच होतो. ओट्यावर बसून पोरांची बोटे पाहिली तेव्हा बाईंचे म्हणणे समजले. आता आम्ही दोन्ही म्हणवून घेतो. पोरगं "सत्तेचाळीस, चाळीस सात" म्हणते आणि मग दाबते.

सगळेच साधले असे नाही. अपूर्णांक फोनवर जमले नाहीत, त्याला भाकरीच लागली. आठवीच्या वरची पोरे फिरकत नाहीत, त्यांना बटनाच्या फोनची लाज वाटते. माताभगिनी म्हणतात, "फोन देला का पोट्टं बिघडते." त्यांचे चूक नाही. म्हणून आमच्याकडे फोनमध्ये सिम नाही, अर्ध्या तासाच्या वर फोन हातात नाही आणि पैशाचा खेळ तर बिलकूल नाही.

सध्या आमच्याजवळ चालू फोन नऊ आहेत आणि पोरे सव्वीस. तीन पोरांत एक फोन धरला तरी किती पोरे उरतील? अध्यक्ष साहेबांनी उत्तर देऊ नये, मागच्या मंडळींना देऊ द्या. शून्य? बरोबर, आणि एका फोनवर दोघेच बसतील. पण शर्यतीला जोड्या लागतात. त्यासाठी आणखी चार फोन पाहिजेत. ज्यांच्या घरी जुना बटनाचा फोन पडला असेल त्यांनी चार्जरसह विहारात आणून द्यावा. पोरांजवळ बसायला कोणी आले तर त्याहून बरे, दहावी पास असण्याची अट नाही. आणि एखादे बटन मेलेले असले तर सांगून द्या, तो फोन आम्ही वेगळा ठेवू.

जय भीम! नमो बुद्धाय!