शब्द फोडून पाहा



गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक संपल्यावर एक ताई मागे थांबल्या. म्हणाल्या, "मॅडम, पोरगी नववीत गेली. निबंधाच्या वहीत सगळे लाल गोल. म्हणते, मला मराठी येतच नाही. मी चौथी शिकलेली, मी काय सांगणार?"

मला माझी नववी आठवली. 'महत्व' असं चुकीचं लिहिलं म्हणून तो शब्द शंभर वेळा लिहायला लावला होता. हात दुखला, पण पुढच्या चाचणीत पुन्हा तीच चूक. मग मी त्या जागी 'गरज' लिहायला लागले. येत नाही तो शब्दच टाळायचा. असं टाळत गेलं की मुलीचं लिहिणं आखडत जातं.

घरातले शब्द ऐकून लिहिता येतात. हायस्कूलमधले मोठे शब्द बरेचसे संस्कृतातून आलेले. त्यांतला जोडलेला दुसरा 'त' कानाला कळत नाही, शब्द फोडला की दिसतो. महत् आणि त्व मिळून महत्त्व, म्हणून दोन त. तत् आणि त्व, तत्त्व. पण कर्तृ आणि त्व मिळून कर्तृत्व, तिथे त्व मधला एकच. उत् आणि ज्वल मिळून उज्ज्वल, म्हणून दोन ज. परंपरा या शब्दावरून पारंपरिक, 'पारंपारिक' नव्हे. शक्ती एकटी असली की दीर्घ, पुढे शब्द जोडला की शक्तिशाली, ऱ्हस्व.

ताईंना म्हटलं, रोज पाच शब्द घ्या. तुम्ही पुस्तकातून सावकाश वाचा, तिनं लिहावं. मग पुस्तक शेजारी ठेवून दोघींनी एकेक अक्षर जुळवा. त्याला शिक्षण लागत नाही, नजर लागते. चुकलेला शब्द फोडून वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि तीन दिवसांनी पुन्हा विचारा.

परवाच्या बैठकीत ठराव लिहायचा होता. एरवी वही दुसरीकडे सरकवणाऱ्या या ताईंनी ती स्वतःकडे ओढली. 'महत्त्वाचा' लिहिताना थांबून विचारलं, "मॅडम, दोन त ना?"

पोरीच्या वहीतले लाल गोल अजून संपलेले नाहीत. पण शब्द टाळणं तिनं सोडलंय. आज रात्री तुमच्या मुलीची वही मागा. रागावू नका. फक्त पाच शब्द निवडा आणि तिच्याशेजारी बसा.