लहान मुले आणि पाण्याचे माप

पाणी जपून वापरावे हे लहान मुलांना सांगून कळत नाही, ते मोजून कळते. भिवंडीच्या कामगार वस्तीत नळ ठरलेल्या वेळी येतो. पाणी आल्याची हाक उठली की पिंपे, हंडे, कॅन रांगेला लागतात आणि पाच-सहा वर्षांचे पोरही कळशीला हात लावते. त्या मुलाला पाण्याचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही. याच शहरात, गच्चीवर टाकी असलेल्या इमारतीत वाढणाऱ्या मुलाला मात्र पाणी नळातच तयार होते असे वाटते. शिकवण्याची गरज आहे ती मुख्यतः या दुसऱ्या मुलाला.

त्यासाठी पहिला धडा पाणी येते कुठून, हा. इथे पृथ्वीच्या गोलापासून सुरुवात करण्याचे कारण नाही. भिवंडीला मिळणारे बरेचसे पाणी उल्हास नदीतून शहाडला उचलतात, टेमघरला शुद्ध करतात आणि ‘स्टेम’ प्राधिकरणामार्फत शहरात सोडतात. काही पाणी मुंबई महापालिकेच्या जलवाहिन्यांतून मिळते, थोडेसे कामतघरच्या वऱ्हाळादेवी तलावातून. मुंबईची तहान भागवणारे भातसा नदीचे पाणी पिसे बंधाऱ्यावर उचलले जाते आणि पांजरापूरला शुद्ध होते. ही दोन्ही ठिकाणे भिवंडी तालुक्यातच आहेत. मुंबईलाच पाणी देणारे तानसा धरण तर 1892 सालचे. ज्या शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही धरणे आहेत, तिथल्या कित्येक गावपाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. एवढी गोष्ट सांगितली तरी तिसरी-चौथीतले मूल प्रश्न विचारू लागते. सहलीच्या वाटेवर त्या अजस्र जलवाहिन्या दिसल्या, तर बस दोन मिनिटे थांबवावी.

आता मापाकडे. इथे मुलाचे वय पाहावे लागते. स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांपुढे दोन सारख्या पेल्यांत सारखे पाणी ठेवले. मग एका पेल्यातले पाणी मुलांच्या डोळ्यांदेखत उंच, अरुंद भांड्यात ओतले. साधारण सहा-सात वर्षांखालची मुले सांगत, उंच भांड्यात पाणी जास्त आहे. हा प्रयोग कोणत्याही स्वयंपाकघरात करता येतो आणि बालवाडीतले मूल बहुधा हेच उत्तर देते. त्याला हसू नये आणि चूकही काढू नये. उत्तर वयाचे आहे. म्हणून लहानांसाठी लिटर-मिलिलिटर बाजूला ठेवावे. एकच पेला घ्यावा आणि मोजायचे ते त्याच पेल्याने. आंघोळीला किती तांबे, दात घासायला किती पेले. तोच पेला, तोच तांब्या, रोज. भांडे बदलले की मुलाचा हिशेब मोडतो.

मोठ्या मुलांना गळका नळ द्यावा. गळका नळ हे शाळेतले सर्वांत स्वस्त शैक्षणिक साधन आहे आणि ते सहसा प्रत्येक शाळेत असते! नळाखाली पेला ठेवायचा, घड्याळ पाहायचे. समजा, 200 मिलिलिटरचा पेला तासाभरात भरला. दिवसाचे झाले 24 पेले, म्हणजे 4.8 लिटर. वर्षाचे 1,752 लिटर. पंधरा लिटरची बादली धरली तर शंभराहून अधिक बादल्या. हा गुणाकार फळ्यावर शिक्षकांनी करू नये, मुलांनाच करू द्यावा. उत्तर आल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती घोषणा देऊन मिळत नाही. नळाचा वायसर बदलायला लागणारे पैसेही त्याच फळ्यावर लिहावेत.

दात घासण्याचेही तसेच. एके दिवशी चूळ भरायला मगात पाणी घ्यावे, दुसऱ्या दिवशी नळ सोडून ठेवून खाली बादली लावावी. दोन्हींतला फरक मुलाने स्वतः पाहावा. बादलीतले पाणी अर्थात संडासात वापरावे, नाहीतर धडाच उलटा व्हायचा.

यात मोठ्यांची एक सवय आड येते, ती म्हणजे शिळे पाणी. नळाला ताजे पाणी आले की काल भरलेला हंडा मोरीत रिकामा करायचा, ही रीत अनेक घरांत अजून आहे. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातले पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. मूल हे ओतणे रोज पाहते आणि शाळेत ‘थेंब थेंब वाचवा’ म्हणते. मग त्याने कोणाचे खरे मानायचे? आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासावीत, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. पण ते पाणीही लादी पुसायला किंवा झाडांना जावे.

काय वाचवायचे नाही, हेही तितकेच स्पष्ट सांगायला हवे. पिण्याचे पाणी वाचवायचे नाही. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबणाने हात धुणे टाळायचे नाही. साबण चोळताना नळ मात्र बंद असावा. काही मुले उपदेश इतका मनावर घेतात की पाणीच कमी पितात. शहरातल्या कापडधंद्यात सायझिंगला आणि डाइंगला, म्हणजे सुताला खळ द्यायला आणि कापड रंगवायला, लागणारे पाणी किंवा रस्त्यात फुटलेली वाहिनी हा मुलांचा अपराध नाही. तो भार त्यांच्या डोक्यावर देऊ नये. गळती दिसली तर मोठ्यांना सांगणे, एवढेच त्यांचे काम.

पावसाचे माप हा खरे तर स्वतंत्र विषय. सरळ कडांची बरणी उघड्यावर ठेवून पट्टीने रोजचा पाऊस मोजता येतो. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी, एवढे मुलांनी लक्षात ठेवले तर आपल्या शाळेच्या पत्र्यावरून किती वाहून जाते, ते त्यांना काढता येईल.

दरवर्षी 22 मार्चला, जागतिक जलदिनी, शाळाशाळांतून चित्रकला स्पर्धा होतात. रडणाऱ्या नळाची चित्रे भिंतीवर लागतात आणि गच्चीवरची टाकी भरून वाहत असते. शाळांनी यंदा स्पर्धेआधी त्या टाकीला बॉलकॉक बसवून घ्यावा आणि तो बसवताना मुलांना वर नेऊन दाखवावा.