नाव आधी, आकडा नंतर

आपल्याकडे मूल जन्माला येतं आणि मग बाराव्या दिवशी बारसं होतं. 'डेबियन' नावाच्या संगणकप्रणालीच्या घरी ही रीत उलटी आहे. तिथे नवी आवृत्ती जन्माला येण्याच्या कितीतरी आधी तिचं नाव ठेवलं जातं. ती लोकांच्या हाती देण्याजोगी झाली, की मग तिला आकडा मिळतो. ही कुणाची लहर नव्हे, त्यामागे एक खाल्लेला फटका आहे.

डेबियन हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प. १९९३ साली इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानं तो सुरू केला आणि पुढे जगभरच्या स्वयंसेवकांनी वाढवला. इथे पडद्याआड काही नसतं. अर्धवट कामसुद्धा इंटरनेटवर सर्वांसमोर ठेवलेलं असतं, कारण कुणीही यावं आणि हातभार लावावा हीच तर कल्पना. १९९५ च्या अखेरीस १.० ही आवृत्ती अशीच उघड्यावर तयार होत होती. काम अपुरं होतं, पण पाटी मात्र '१.०' अशी आधीच लागली होती. सीडी विकणाऱ्या एका कंपनीनं हे अर्धंकच्चं काम चुकून उचललं आणि 'डेबियन १.०' म्हणून बाजारात आणलं.

यात कायदा मोडला नव्हता. माल मुक्तच होता. पण ती सीडी घेणाऱ्याचा संगणक बहुधा सुरूच झाला नसता. त्या काळी इंटरनेट संथ आणि महाग, त्यामुळे बऱ्याच जणांची नव्या प्रणालीशी पहिली ओळख सीडीवरूनच व्हायची. अशा माणसानं डेबियनबद्दल काय मत केलं असतं, सांगायला नको. ११ डिसेंबर १९९५ रोजी प्रकल्पानं आणि कंपनीनं मिळून जाहीर केलं, की ही खरी १.० नव्हे. मग खरी कोणती? प्रकल्पानं तो आकडाच सोडून दिला. जून १९९६ मध्ये जी आवृत्ती आली ती १.१. खरी १.० कधी झालीच नाही!

तेव्हापासून चालू कामाला आकडा न देता टोपणनाव देण्याची पद्धत पडली. त्या वेळचे प्रमुख ब्रूस पेरेन्स पिक्सार या चित्रपट कंपनीत नोकरीला होते, म्हणून नावं आली ती 'टॉय स्टोरी'तल्या खेळण्यांची. १.१ चं नाव 'बझ'. पुढे रेक्स, वुडी, लेनी अशी रांग लागली. २०२३ ची १२ वी 'बुकवर्म', २०२५ ची १३ वी 'ट्रिक्सी'. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण 'ट्रिक्सी' या शब्दावरून माल तयार आहे की नाही हे कळत नाही, आणि कळू नये हाच तर हेतू. 'स्थिर' ही पाटी वेगळी असते आणि ती वेळ आल्यावरच नव्या नावाकडे वळवतात. फाइली हलवाव्या लागत नाहीत, त्यामुळे जगभर प्रती ठेवणाऱ्या संगणकांना सगळं पुन्हा उतरवून घ्यावं लागत नाही.

आकड्याकडे इतकं गंभीरपणे पाहावं का, असं कुणी विचारेल. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स पाहत नाहीत. २०११ मध्ये २.६.३९ नंतर त्यांनी सरळ ३.० आणलं. त्यात विशेष नवं काही नव्हतं, मधले आकडे फार मोठे झाले होते इतकंच. पण काही जुने प्रोग्रॅम आवृत्ती '२.६' नंच सुरू होणार असं गृहीत धरून बसलेले. ते अडखळले. शेवटी लिनक्समध्ये एक सोय करावी लागली, की अशा प्रोग्रॅमनं विचारलं तर आपण अजून २.६ च आहोत असं सांगायचं. आकडा माणसं वाचतात तसा यंत्रंही वाचतात, आणि यंत्रं तो जास्त मनावर घेतात. म्हणून मला डेबियनची काटकसर पटते: देण्यासारखं काही हातात येईपर्यंत आकडा देऊ नये.

त्यांच्याकडे एक नाव मात्र कायमचं राखीव आहे. ज्या विभागात रोजची तोडफोड चालते, त्याचं नाव 'सिड'. चित्रपटात शेजारच्या घरातला, खेळणी मोडणारा मुलगा तो हाच. बाकीची नावं येतात, आकडा घेतात आणि जुनी होतात. सिडला आकडा कधीच मिळत नाही.