पशुआरोग्याचे शिक्षण : कोड्यांच्या खेळातून

(ग्रामीण भागातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जनावराच्या आजाराची पहिली खूण बहुधा डॉक्टरांच्या दृष्टीस पडत नाही. ती घरातील मुलाच्या दृष्टीस पडते. शाळेत जाण्यापूर्वी वासरू सोडणारा, सायंकाळी शेळ्या मोजून आत घेणारा आणि गव्हाणीत वैरण टाकणारा हात खेड्यापाड्यांत पुष्कळदा दहा-बारा वर्षांचा असतो. गाईने आज रवंथ केला नाही, म्हैस हौदाकडे वळली नाही, बैल एका पायावर भार देत नाही, हे त्या मुलास दिसते. परंतु जे दिसले ते महत्त्वाचे आहे आणि ते तत्काळ सांगितले पाहिजे, हे त्यास कोणी शिकवलेले नसते. पाहणे आणि कळवणे यांमधील हे अंतर कमी करणे हाच शालेय पातळीवरील पशुआरोग्य शिक्षणाचा खरा हेतू होय. आणि त्यासाठी कोड्यांचा खेळ हे अत्यंत सोयीचे साधन आहे.

पशुवैद्यकाचा रोगी बोलत नाही. आपले कोठे दुखते हे तो सांगू शकत नाही. डोळा, कान, नाकपुडी, शेण, चाल आणि चाऱ्यावरील वासना यांवरून निदानाकडे जावे लागते. म्हणजे प्रत्येक आजारी जनावर हे एक कोडेच असते. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून या राज्यात या शास्त्राचे पद्धतशीर अध्यापन होत आले आहे. ते सर्व शास्त्र प्राथमिक शाळेत आणावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या शास्त्राची पहिली पायरी, म्हणजे नीट पाहणे आणि नेमका प्रश्न विचारणे, ही मुलांच्या आवाक्यातील गोष्ट आहे.

गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षणच रानात नेण्याचा प्रयोग महाराष्ट्रास नवा नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात आदिवासी मुलांसाठी चालवलेली कुरणशाळा शिक्षकवर्गास परिचित आहे. मुलाचे काम हे त्याच्या शिक्षणाच्या आड येत नाही, ते शिक्षणाचे साहित्य होऊ शकते, हा त्या प्रयोगाचा धडा येथेही लागू पडतो.

पहिला खेळ दातांचा. पुठ्ठ्यावर गाईचा खालचा जबडा काढावा आणि पुढच्या दातांच्या जागी आठ चिंचोके ठेवावेत. गाईबैलांस वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, तेथे कठीण हिरडी असते, ही गोष्ट रोज गुरे पाहणाऱ्या अनेक मुलांच्याही ध्यानात आलेली नसते. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात. आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेला हे बाजारातील शब्द मुलांनी घरी ऐकलेले असतात. पहिली जोडी साधारणपणे दोन वर्षांच्या सुमारास येते, एवढे सांगून शिक्षकाने चिंचोके मांडावेत आणि मुलांनी वयाचा अंदाज बांधावा. यात दोनाचा पाढा येतो, निरीक्षण येते आणि वडीलधाऱ्यांच्या व्यवहारज्ञानास शाळेत मान मिळतो.

दुसरा खेळ प्रश्नांचा. एक मूल गोठ्याचा मालक होते आणि त्याच्या हाती आजाराचे पान असते. बाकीची मुले दहा प्रश्न विचारतात. मालकाने विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावयाचे. गळ्याला सूज आहे की मांडीला? जनावर म्हैस आहे की तरणे, धष्टपुष्ट वासरू? पाऊस सुरू झाला आहे काय? सूज दाबली असता चरचर आवाज होतो काय? अशा प्रश्नांतून घटसर्प व फऱ्या यांतील भेद मुलांच्या आपोआप लक्षात येतो, आणि या दोन्ही रोगांची लस पावसाळ्यापूर्वी का टोचतात याचेही उत्तर मिळते.

याच खेळातील एक पान विशेष उद्बोधक आहे. भरपूर दूध देणारी गाय व्याली; एकदोन दिवसांत ती बसली ती उठेना; मान बरगडीकडे वळवून राहिली. मुले विचारतात, ताप आहे काय? उत्तर येते, नाही. उलट कान गार पडले आहेत. या आजाराचे नाव मात्र दुग्धज्वर! रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटल्याने हा आजार होतो आणि त्यात अंग तापत नाही. नावावरून निष्कर्ष काढू नये, हा शास्त्राचा नियम मुले येथे हसतखेळत शिकतात. पशुवैद्यक शिरेतून कॅल्शियम देतात तेव्हा गाय पुष्कळदा थोड्याच वेळात उठून उभी राहते. परंतु तेच औषध घाईने दिल्यास हृदय बंद पडू शकते. म्हणून ओळखणे हे मुलाचे काम आणि टोचणे हे डॉक्टरांचे, ही मर्यादा या पानावर ठळकपणे लिहिलेली असावी.

तिसरा खेळ दोऱ्यांचा. दहा मुले म्हणजे दहा जनावरे. एकाच हौदावर पाणी पिणारी, एकाच गोठ्यात बांधलेली, एकाच बाजारातून आलेली जनावरे दोऱ्यांनी जोडावीत. एका मुलाच्या हाती गुपचूप लाल चिठ्ठी द्यावी आणि दोऱ्यांवरून रोग पुढे जाऊ द्यावा. लाळ्या-खुरकुतामध्ये लक्षणे दिसण्यापूर्वीही जनावर रोग पसरवू शकते, म्हणून ती चिठ्ठी प्रथम कोणास दिसत नाही. शेवटी, रोग कोठून आला हे मुलांनी शोधावयाचे. दुसऱ्या डावात लस टोचलेल्या जनावरांच्या हाती हिरवे पान द्यावे. अशी जनावरे वाढली की साखळी जागोजाग कशी तुटते, हे मुलांस शब्दांवाचून कळते. नवे जनावर बाजारातून आणल्यावर तीन-चार आठवडे वेगळे का बांधावे, याचाही उलगडा होतो.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लम्पी त्वचारोग आढळला आणि पुढे तो राज्यभर पसरला. तो प्रसंग या खेळात घेताना एक दोरा अधिक बांधावा लागेल, तो माश्या, डास व गोचिडांचा. जनावरे वेगळी बांधली तरी हा दोरा तुटत नाही. त्यासाठी गोठ्याची स्वच्छता व कीटकनियंत्रण हवे. हा रोग माणसास होत नाही, हेही मुलांनी जाणून घरी सांगितले म्हणजे दुधाविषयीची निष्कारण भीती दूर होईल. साखळी संपूर्णपणे तुटू शकते याचा दाखलाही आहे. कधीकाळी गावेच्या गावे गुरांविना करणारी बुळकांडी भारतातून हटल्यावर २०११ मध्ये जगातूनच नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून निर्मूलन झालेला हा दुसरा रोग होय.

तथापि या खेळांत एक धोकाही आहे. उत्तर बरोबर आले की मुलास आपण डॉक्टर झालो असे वाटते. यास्तव प्रत्येक संचात ‘लाळ’ हे एक पान असावे, ज्याची उत्तरे एकाहून अधिक आहेत. तोंडातून लाळ गळते ती लाळ्या-खुरकुतामुळे असेल, घशात काही अडकल्यामुळे असेल किंवा पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यामुळे झालेल्या रेबीजमुळेही असेल. घशात काय अडकले ते पाहण्यासाठी तोंडात हात घालणाऱ्याच्या जिवावर हे शेवटचे उत्तर बेतू शकते. म्हणून या पानावर रोगाचे नाव सांगणाऱ्यास एकही गुण नाही; ‘हात लावणार नाही, मोठ्यांना सांगेन’ असे म्हणणाऱ्यास पूर्ण गुण. त्याचप्रमाणे एकाएकी मेलेल्या आणि नाकातोंडातून रक्त आलेल्या जनावराजवळ जाऊ नये, कारण तो काळपुळीचा रोग असू शकतो. कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठावा. दूध उकळूनच प्यावे. हे नियम खेळात पुनःपुन्हा यावेत. बक्षीस अचूक तर्कास नव्हे, तर योग्य प्रश्नास आणि वेळेवर दिलेल्या निरोपास मिळाले पाहिजे.

या उपक्रमास मोठा खर्च नाही. पुठ्ठा, रंगीत खडू, दोरा, चिंचोके एवढी सामग्री पुरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात खेळातून शिक्षणावर भर आहे आणि सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवसांची कल्पना आहे. त्यांतील एक दिवस पशुआरोग्यास देता येईल. बैलपोळ्याच्या आसपासचे दिवस यास विशेष अनुकूल. विदर्भात तान्ह्या पोळ्यास मुले लाकडी बैल सजवतात. तोच बैल शरीराचे भाग ओळखण्यासाठी उपयोगी पडेल. पानांवरील मजकूर मात्र जवळच्या दवाखान्यातील पशुधन विकास अधिकाऱ्यांनी तपासून द्यावा, कारण चुकीचे कोडे हे चुकीच्या औषधाइतकेच घातक असते.

पंचायतीने करावयाचे काम याहून थोडे निराळे आहे. मुलाने निरोप आणला आणि तो कोणी घेतलाच नाही, तर सारा खेळ व्यर्थ होईल. शाळेच्या भिंतीवर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ व १९६२ हा मदतीचा क्रमांक रंगवावा. ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवावी. कोणत्या तारखेस, कोणत्या वस्तीवर, काय दिसले आणि केव्हा कळवले, एवढीच नोंद तीत असावी. आजार दिसल्याचा दिवस आणि कळवल्याचा दिवस यांतील अंतर वर्षअखेरीस घटले असेल, तर उपक्रम यशस्वी झाला असे खुशाल समजावे. त्यासाठी वेगळी परीक्षा नको.

एक-दोन जनावरांवर ज्यांचा संसार चालतो अशा कुटुंबात गाय दगावणे म्हणजे रोजची मिळकत बुडणे, आणि कधीकधी शाळेची फी थांबणेही होय. घटसर्पासारख्या रोगात एक दिवसाचा उशीरही उपचार निष्फळ ठरवू शकतो. तो दिवस वाचवण्याची शक्ती वर्गात पाटीदप्तर घेऊन बसलेल्या मुलांच्या डोळ्यांत आहे. त्या डोळ्यांना पाहण्याची सवय लावणे हे शिक्षकांचे, त्यांनी पाहिलेले ऐकून घेणे हे घरच्यांचे व पंचायतीचे, आणि निरोप पोहोचताच गोठ्यापर्यंत जाणे हे पशुवैद्यकीय सेवेचे कर्तव्य ठरते.