पोटखराब्यातला रहिवासी



जुन्नर-आंबेगावचं नाव निघालं की आपल्याला नाणेघाट, माळशेज, भीमाशंकर आठवतं. पूर्वेकडच्या आणे पठारावर किंवा लोणी-धामणीच्या माळावर हौसेने फिरायला कोण जातं? कुसळी-पवन्याची ही जमीन सात-बारावर अनेकदा पोटखराबा, म्हणजे लागवडीस अयोग्य, म्हणून लागलेली असते. अशाच जमिनीत राहणाऱ्या सिकाडा या कीटकाविषयी आज बोलतो.

आपण त्याला सरसकट रातकिडा म्हणून मोकळे होतो. रातकिडा पंखावर पंख घासतो. सिकाडाचा आवाज निघतो पोटातून, आणि तोही बहुतेक भर उन्हात. नराच्या पोटाशी दोन्ही बाजूंना बरगड्या असलेला एकेक पातळ पडदा असतो. आतला स्नायू आखडला की बरगड्या टक्कन आत दबतात, सैल पडला की उसळून बाहेर येतात. सेकंदाला शेकडो वेळा हे चालतं, आणि पोट पोकळ असल्याने आवाज घुमतो. जंगलातले मोठे सिकाडे कान किटवतात. गवतातल्या जाती लहानखुऱ्या. त्यांचा आवाज इतका बारीक असतो की उतारवयात तो ऐकूच येईनासा होतो. तेव्हा आजोबांनी नातवंडाला सोबत न्यावं!

हे गाणं मात्र आयुष्यातल्या शेवटच्या काही आठवड्यांचं. मादी काडीला चीर पाडून अंडी घालते, पिल्लू खाली पडून मातीत शिरतं आणि मुळांतला रस पीत वाढतं. तो रस जवळपास नुसतं पाणीच, म्हणून वाढ संथ. मेघालयात री-भोईची एक जात चार वर्षांनी वर येते, अमेरिकेतल्या काही 13 किंवा 17 वर्षांनी.

गुरं चरून गेली तरी मुळं राहतात. जेसीबीने माळ सपाट करून कांदा लावला, की जमिनीतल्या साऱ्या पिढ्या एका दुपारी संपतात. माळावर खड्डे खणून केलेली वृक्षलागवडही, माझ्या मते, पुण्यकर्म नव्हे.

जुन्नर तालुक्यातल्याच खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आकाशातले क्षीण रेडिओ तरंग टिपतात. माळाचं ऐकायला खिशातला मोबाइल पुरे. वळीव पडून गेला की दुपारी मिनिटभर आवाज टिपा, त्यातच गाव आणि तारीख सांगा. आणि ग्रामसभेत वृक्षलागवडीची जागा ठरेल तेव्हा कुसळीचा माळ वगळायला उभं राहून सांगा.